शून्य सेकंद

ता. ४, बुधवार

डॉक्टरांनी सांगितलं आहे की ही दिवसभरात काय बोलते ते लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. लिहायची मला सवय आहे. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, कोणत्या खांबावर कोणता फॉल्ट निघाला ते रोज लिहावं लागे. शिक्षण सातवी, तीही दुसऱ्या खेपेला पास. अक्षराला कोणी हसू नये.

हिला झटका येऊन दोन वर्षं झाली. हातपाय गेले, मान गेली, जीभ गेली. डोळे तेवढे राहिले. पापण्या आपोआप फडफडतात, म्हणून डोळ्यांच्या खुणेवर विसंबायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. पलंगापुढे संगणक आहे, त्याला कॅमेरा. ही पडद्यावरच्या अक्षरांकडे बघते, शब्द जुळवते, आणि 'बोल' लिहिलेल्या चौकोनाकडे बघितलं की यंत्र ते मोठ्याने बोलतं. पडदा लगेच पुसला जातो, आणि तो असतोही तिच्याकडे तोंड करून. मला ऐकू येईल तेवढंच. आवाज कुणा भलत्याच बाईचा आहे, पण बोलणं हिचंच. ही एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. एका वेळी बारा-बारा कॉल सांभाळायची. आमची ओळखच माझ्या एका चुकीवरून झाली, ते पुढे कधी लिहीन.

आज एक चांगलं काम केलं. ही जे बोलते ते आमच्या मुलीच्या फोनवरही लिहून जातं. मुलगी लांब असते, तिकडे दिवस तर इकडे रात्र. ते पोचवायचं काम यंत्राच्या आत गुपचूप चालणारा एक प्रोग्राम करतो. यंत्र बसवणारा मशीनवाला त्याला निरोप्या म्हणतो. काल हिने "जेवलीस का" विचारलं ते मुलीला पाच मिनिटांनी मिळालं, तोवर ती कामावर निघून गेली होती. हिने मग किती तरी वेळ डोळे मिटून घेतले. मला ते बघवलं नाही. मशीनवाल्याने सेटिंग कुठे असतं ते दाखवलं होतं. 'किती सेकंदांनी तपासायचं' याच्यापुढे ३०० होतं, ते मी ० केलं. माझ्या लाइनवर मी कोणाला ताटकळत ठेवलेलं नाही.

ही आज बोलली: "ऊन आलं." "नर्सबाईंना आधी बसू तर द्या." "तुम्ही दाढी करा."

ता. ७, शनिवार

यंत्राचा पंखा घरघरतो आहे. मागच्या बाजूला हात लावला तर चटका बसेल इतकं गरम. नर्सबाई सकाळी आठला येतात आणि पाचला जातात. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या मशीनला ताप आलाय. थर्मामीटर लावू का?" त्यांना सगळ्याची चेष्टा सुचते. मी पुसून घेतलं, भिंतीपासून थोडं पुढे ओढलं.

हिचं बोलणं कमी झालं आहे. आधी एवढी मोठी वाक्यं यायची, आज नुसते शब्द. "पाणी." "उशी." "यंत्र."

ता. ९, सोमवार

मशीनवाल्याला फोन केला. हा माणूस चांगला आहे, पण बोलतो असा की जणू मागे कुत्रं लागलंय.

"काका, चालू प्रोग्रामची यादी उघडा, मी दाखवली होती ती. वर प्रोसेसर म्हणून असेल. किती टक्के?"

"शंभर."

"किती?"

"शंभर म्हणतोय ना."

"बापरे. म्हणजे त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. आवाज बनवायला ताकद लागते हो त्याला. ती शिल्लकच नसेल तर शब्द अडकतात. लांबलचक वाक्य असेल तर ते दमून सोडूनच देतं. तुम्ही काही बदललंत का?"

मी नाही म्हटलं. मी कशाला काय बिघडवीन?

त्याने बंद करून चालू करायला लावलं. दोन मिनिटं बरं चाललं, पुन्हा शंभर. तो म्हणाला, इथूनच आत शिरून बघतो. मग म्हणाला, यंत्र इतकं गुंतलंय की मला दारच उघडत नाही. प्रत्यक्ष यायला त्याला पंधरा दिवस तरी लागतील. त्याच्याकडे अशी चाळीस यंत्रं आहेत आणि हा एकटा.

पंधरा दिवस! शुक्रवारी तर डॉक्टर हिला तपासायला येणार आहेत. हिचं डोकं ठिकाणावर आहे का, हिला घरी ठेवायचं की सेवागृहात, ते त्या दिवशी ठरायचं आहे. ही बोलली नाही तर कसं ठरवणार?

ता. ११, बुधवार

मला वाटलं, लाइनच खराब असेल. बाहेरच्या भिंतीवरून इंटरनेटची केबल येते. शिडी लावली आणि चढलो. गच्चीच्या कडेचा जोड उघडला, साफ केला, पुन्हा बांधला. जोड चोख होता. माझ्या हातचा असता तरी याहून चांगला नसता. खाली नर्सबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काका, तुम्ही पडलात तर मला दोन पेशंटचा पगार मिळणार आहे का? उतरा."

"झालंच."

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी माकडासारखे लटकताय. काकू बघतायत खिडकीतून."

ही खरंच बघत होती. पूर्वी मी खांबावर असलो की एक्सचेंजमधून फोन करायची, "उतरा खाली, जेवायची वेळ झाली." आत येऊन मी विचारलं, "घाबरलीस का?" ती काही बोलली नाही. मग विचारलं, "सूप आणू का?" तर यंत्र म्हणालं, "हो." मी सूप आणलं, तर दोन चमचे घेऊन तोंडातून सोडून दिलं. विचारलं, "गरम आहे का?" तर म्हणे, "नको."

काही सुसंगती लागत नाही.

शंभर टक्के. पंखा तसाच घरघरतोय.

ता. १२, गुरुवार

उद्या डॉक्टर. आज काय वाटेल ते करून फॉल्ट काढायचाच असं ठरवलं.

लाइनमनची एक रीत असते. दहा मैलांची लाइन मेली तर दहा मैल चालत सुटायचं नाही. मध्यावर जायचं, तोडायची, आणि फॉल्ट या अंगाला की त्या अंगाला ते बघायचं. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. तसंच केलं. यादीतले प्रोग्राम अर्धेअर्धे बंद करत गेलो आणि प्रत्येक वेळी टक्के लिहीत गेलो. नावं इंग्रजीत. मला केबलच्या पट्ट्यांवरची अक्षरं तेवढी ओळखता येतात, म्हणून एकेक अक्षर कागदावर काढलं. पहिले सहा बंद केले, शंभरच. पुढचे चार, शंभर. मग राहिलेल्यांत एकापुढे चौऱ्याण्णवचा आकडा दिसला. तो बंद केला आणि एकदम सात! पंखा थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की घड्याळ ऐकू आलं.

आणि यंत्र बोललं, "यंत्र. यंत्र. यंत्र. यंत्र."

एका दमात चार वेळा. मी म्हटलं, "हो गं, यंत्रच दुरुस्त करतोय." ती माझ्याकडे नाही, यंत्राच्या डब्याकडेच बघत होती. हल्ली तासन्‌तास तिकडेच बघते. ओला फडका घेऊन मी डबा स्वच्छ पुसला. तरी बघत राहिली.

मोठ्या आनंदाने मशीनवाल्याला फोन केला, कागदावरची अक्षरं वाचून दाखवली. तो ओरडलाच.

"काका, तो निरोप्या आहे! तो बंद नका करू! काकूंची घंटी त्याच्यावरूनच जाते."

पडद्यावर एक लाल चौकोन आहे. जीव घाबरा झाला, घशात काही अडकलं, तर ती त्याच्याकडे बघते, आणि माझ्या व नर्सबाईंच्या फोनवर घंटी वाजते. ती निरोप्याच पोचवतो, हे मला माहीतच नव्हतं. मी फोनवर असतानाच निरोप्या आपोआप पुन्हा चालू झाला होता. त्याला तसंच बनवलंय म्हणे, मेला तरी उठून बसतो. पंखा सुरू. शंभर.

म्हणजे चोर सापडला, पण त्याला धरता येत नाही. तो चालला तर ही मुकी, आणि नाही चालला तर घंटी मुकी.

ता. १३, शुक्रवार

डॉक्टर आले होते. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

डॉक्टर कागदावर मान घालून विचारत होते.

"दोन आणि तीन किती?" उत्तर नाही.

"तुम्हाला मुलं किती?" उत्तर: "पाच."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आम्हाला एकच मुलगी. त्यांनी लिहून घेतलं.

"सध्या ऋतू कोणता?" उत्तर: "एक."

"हे कोण तुमचे?" म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. उत्तर: "उन्हाळा."

नर्सबाईंना फिसकन हसू आलं, मग त्यांनी तोंडावर हात दाबला आणि बाहेर गेल्या. बाहेर रडत होत्या, मी बघितलं.

पन्नास वर्षांचा संसार आणि मी उन्हाळा.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, यंत्र बिघडलंय." ते चांगले आहेत, खांद्यावर हात ठेवला. "आजोबा, यंत्र हळू असेल. पण हळू असलं म्हणून पाच आणि एक यांत गोंधळ होत नाही. मेंदूला पुन्हा मार बसला असावा. एकटे किती दिवस करणार तुम्ही?"

त्यांना जिन्यापर्यंत पोचवून, दार लावून आत आलो, तर यंत्र म्हणालं, "नवरा."

खोलीत कोणी नव्हतं. कोणाला सांगत होती कोण जाणे.

ता. १५, रविवार

मुलीचा फोन. हिच्या पलंगाशी बसूनच बोललो, आता तिला काय कळतंय.

"बाबा, मी सेवागृहाशी बोलले. जागा आहे. चोवीस तास माणूस असतं."

"तिला परक्या माणसांत टाकू?"

"टाकायचं काय त्यात? तुम्ही शिडीवर चढलात म्हणे. नर्सबाईंनी सांगितलं मला. उद्या तुम्ही पडलात तर दोघांना कोण बघेल? मी इथून?"

"अगं, यंत्राचा फॉल्ट आहे."

"बाबा, गेले दहा दिवस तुम्ही यंत्र-यंत्रच करताय. आईकडे बघा ना एकदा. आणि खरं सांगा, झेपतंय का तुम्हाला?"

मी हिचं पांघरूण सारखं केलं. मग तोंडातून निघून गेलं, "मला नाही गं झेपत आता. पाठ धरते, रात्री डोळा लागत नाही, तिला कूस वळवताना हात सुटेल असं वाटतं. नाही झेपत."

पोरगी रडायला लागली. मीही. ही छताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते नेहमीच येतं. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून नर्सबाई थेंब घालतात.

ता. १६, सोमवार

डॉक्टर म्हणाले होते, तिची संमती विचारा, उगाच मनाला टोचणी नको. आज नर्सबाईंच्या समोर विचारलं. जसं झालं तसं लिहितो.

"खिडकी उघडू का?" उत्तर नाही. बाहेर रस्ता खोदतात, धूळ येते, म्हणून नाही उघडली.

"तिकडे सेवागृहात जायचं का?" उत्तर: "हो."

मला वाटलं होतं नाही म्हणेल.

"ओठांना पाणी लावू का?" उत्तर: "नको."

माझ्या हातचं पाणीही नको.

"पाय चेपू का?" उत्तर: "हो."

चेपले. तिच्या डोळ्यांत मला काहीच ओळखता आलं नाही.

नर्सबाई म्हणाल्या, "काका, जरा दम धरून विचारत जा. एका श्वासात चार प्रश्न. मला स्वतःला सांगता आलं नसतं." त्या नेहमीच असं बोलतात, म्हणून लक्ष दिलं नाही. मला थांबवत नाही हे खरं आहे. कोणी गप्प राहिलं की मला भीती वाटते.

दुपारी सेवागृहाच्या कागदावर सही केली. हो म्हणाली ना ती. शनिवारी दहाला गाडी.

ता. १८, बुधवार

मशीनवाल्याने सांगितलेलं सगळं केलं. पंख्यातली धूळ काढली. व्हायरस शोधायचा प्रोग्राम चालवला, त्याला तीन तास लागले आणि त्याने काही नाही म्हणून सांगितलं. शंभर. शंभर. रोज तेच लिहायचं.

आता दुरुस्त करून तरी काय करायचं आहे? सेवागृहात हे यंत्र नसतं. तिथे एक तक्ता असतो म्हणे, त्याच्यावर चित्रं. भाकरीचं, संडासाचं, बिछान्याचं. एक्सचेंजमधली बारा लाइनींची ऑपरेटर, तिने चित्राकडे बघायचं.

पण मला सोडवत नाही. हिने शेवटचं काही सांगितलं आणि ते त्या डब्यात अडकून राहिलं, तर?

ता. २०, शुक्रवार

तिची बॅग भरली. गाउन चार, टॉवेल दोन, कंगवा, थेंबांची बाटली, चष्मा. चष्मा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. नर्सबाई आज चेष्टा करत नाहीत. जाताना म्हणाल्या, "सोमवारपासून मी कुठे जाऊ, तेही ठरवलेलं नाही."

संध्याकाळी मशीनवाल्याचा फोन. "काका, मशीन परत घ्यायला येईनच. पण मला नोंद करायची आहे. हे नक्की कधीपासून सुरू झालं?"

म्हटलं, वहीत आहे. सकाळी बघून सांगतो.

ता. २१, शनिवार

आज सगळं सावकाश लिहितो. चूक नको.

पहाटे उजाडताच वही घेऊन हिच्याजवळ बसलो. मशीनवाल्याला तारीख सांगायची म्हणून मागून पुढे वाचत होतो. माझी नजर अधू, म्हणून ओळीवर बोट ठेवून वाचतो. तेरा तारखेच्या पानावर बोट घसरलं आणि एक ओळ खाली गेलं.

"सध्या ऋतू कोणता?" आणि बोटाखाली, "उन्हाळा."

मी बोट तिथेच ठेवलं. उचलायची भीती वाटली.

"दोन आणि तीन किती?" पाच. "मुलं किती?" एक. "हे कोण तुमचे?" मी दार लावून आलो तेव्हा बोललेला तो शब्द. नवरा.

आता ती जुनी गोष्ट लिहायलाच हवी. नोकरीचं पहिलं वर्ष. तारांच्या शंभर जोड्यांची केबल, एका जोडीवर एक फोन, ती जोडायला मला एकट्याला पाठवलं होतं. मी घाईत पहिली जोडी सोडून दुसरीपासून सुरुवात केली. एक जोडी सरकली की पुढच्या सगळ्या सरकतात. दुसऱ्या दिवशी वकिलाचे फोन न्हाव्याकडे आणि न्हाव्याचे दवाखान्यात. सगळे म्हणाले, केबलच कुजली, नवी टाका. तेव्हा खांबावर मला एक्सचेंजमधून एका मुलीचा फोन आला. "अहो लाइनमन, केबलला काही झालेलं नाही. सगळं एकाने सरकलंय. पहिल्या जोडीपासून मोजा." ती ही.

हिचं डोकं ठिकाणावर होतं. उत्तरं बरोबर होती. उशिरा येत होती, आणि मी तोवर पुढचा प्रश्न विचारून मोकळा होत होतो.

सोळा तारखेचं पान उघडलं. "खिडकी उघडू का?" हो. "सेवागृहात जायचं का?" नको. "ओठांना पाणी लावू का?" हो. तिने नको म्हटलं होतं आणि त्याच दुपारी मी सही केली. तिचे ओठ कोरडे होते, तिला पाणी हवं होतं, आणि मी रुसून बसलो.

मग पहिलं पान. चार तारीख. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, वर मिजास केलेली.

मशीनवाल्याला झोपेतून उठवला. "त्या सेकंदांपुढे मी तीनशेचं शून्य केलं होतं. त्याने काही होतं का?"

तिकडे तो उठून बसल्याचा आवाज. मग, "काका, मी विचारलं होतं ना, काही बदललंत का?"

"मला वाटलं, बिघडवलं का असं विचारताय. मी तर सुधारलं होतं."

"काय सुधारलंत, काका! तीनशे म्हणजे निरोप्या पाच मिनिटांनी एकदा उठतो, काही पाठवायचं राहिलंय का बघतो, पुन्हा झोपतो. शून्य म्हणजे तो झोपतच नाही. सेकंदाला हजार वेळा उठून काकूंची सगळी वाक्यं पहिल्यापासून मोजत बसतो. रोज वाक्यं वाढतात, रोज मोजणी वाढते. मग बोलायला ताकद उरणार कुठून?"

"म्हणजे रिसिव्हर खाली ठेवलेलाच नाही."

"हां, तसंच. लाइन अडकवून बसलाय. घंटीची काळजी नको, तिला सेकंद लागत नाहीत, ती तशीही लगेच जाते. ठेवा तीनशे."

तीनदा चुकलं. तीन, शून्य, शून्य. जपून ठेवा, असं म्हणणारं बटण दाबलं. शंभर होते. साठ. वीस. नऊ. पंखा हळूहळू थांबला.

मी हिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "एकाने सरकलं होतं गं."

आणि गप्प बसलो. किती कठीण गेलं ते मलाच माहीत. तिचे डोळे पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. दोन मिनिटं झाली असतील. मग ती भलत्या बाईच्या आवाजात सबंध वाक्य बोलली.

"दोन आठवडे यंत्र यंत्र म्हणून ओरडतेय, आणि तुम्ही फडक्याने पुसताय."

मी हसलो की रडलो, मला सांगता येणार नाही. नर्सबाई दारातून आत येत होत्या. त्यांच्या हातून पिशवी पडली. "काकू! अहो काकू, तुम्ही आहात!" म्हणून त्यांनी हिच्या कपाळाचे मुके घेतले.

दहाला गाडी आली. खाली हॉर्न वाजला. सेवागृहाची एक बाई स्ट्रेचरवाल्याला घेऊन वर आली, हातात माझ्या सहीचा कागद. मी सगळं सांगितलं, वही दाखवली, बोट एक ओळ खाली सरकवून दाखवलं. तिला किती कळलं माहीत नाही. ती म्हणाली, "आजोबा, पेशंट स्वतः नाही म्हणत असतील तर मी नेणार नाही. डॉक्टरांना सोमवारी पुन्हा तपासायला सांगते. पण त्यांनी माझ्यासमोर सांगितलं पाहिजे. विचारा तुम्ही."

मी विचारलं. एकच प्रश्न विचारला. "सेवागृहात जायचं का?"

आणि थांबलो.

काहीच येईना. मी यादीकडे बघितलं. नऊ टक्के. यंत्र मोकळं होतं. म्हणजे ही गप्प बसली होती ती स्वतः. सेवागृहाच्या बाईने घड्याळ बघितलं. खाली पुन्हा हॉर्न. हिचे डोळे पडद्यावर गेले, अक्षरं शोधली, थांबले, पुन्हा शोधली.

"झेपेल का तुम्हाला?"

मला रविवारचा फोन आठवला. तिच्या उशाशी बसून बोललो होतो. एकेक शब्द ऐकला असणार तिने. वर त्या पाण्याला मी थेंब म्हटलं.

इतके दिवस प्रश्न मी विचारत होतो. आता तिने विचारला आणि मला उत्तर सापडेना. पाठ तर दुखतेच आहे. हात तर सुटेल असं वाटतंच. माझ्या तोंडातून नुसता वारा.

"अहो काका, बोला की!" नर्सबाई म्हणाल्या. "आता तुमचं यंत्र अडकलं का?"

"झेपेल," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पडद्याकडे.

"खोटं." आणि जरा वेळाने, "पण चालेल. मुलीला सांगा, रात्रीची एक बाई बघ. मी जाणार नाही."

सेवागृहाच्या बाईने कागदावर काहीतरी लिहिलं, स्ट्रेचरवाल्याला मानेने खूण केली. दोघं जिना उतरून गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेल्याचा आला.

सोमवारी डॉक्टर येतील. पुन्हा प्रश्न विचारतील. भीती आहेच. त्यांना सांगणार आहे की प्रत्येक प्रश्नानंतर थांबा, आणि मलाही कोणीतरी तेच सांगत राहायला हवं.

सगळे गेल्यावर मी हिला विचारलं, "खिडकी उघडू का?"

तोंडावर दुसरा प्रश्न आला होता, तो गिळला.

"हो."

बाहेर रस्ता खोदतच होते. उघडली.

ओठांना पाणी लावलं.

टक्के: नऊ.